जाळीवरचे कुंकू

खंडेनवमीला कुणी कपाळाला कुंकू लावायला आले, की मी आजही क्षणभर डोके मागे घेतो. घरच्यांना वाटते, म्हाताऱ्याची श्रद्धा उडाली. तसे काही नाही. त्या दिवशी मला एक लोखंडी जाळी आठवते आणि जाळीपाठोपाठ एका माणसाचा उजवा हात. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेते वर काढली. त्यातले बरेच विसरलो. हे प्रकरण विसरता येत नाही, आणि यात तर कुणी कुणाच्या जिवावर उठलेही नव्हते.

साठचे दशक नुकते लागले होते. बंगळुरात मल्लेश्वरमच्या पलीकडे एका ठाण्यावर मी सब-इन्स्पेक्टर होतो. आमचे घर कित्येक पिढ्या बंगळूरचेच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. ठाण्याच्या हद्दीत अर्ध्या भागात नारळाची झाडे असलेली शांत घरे आणि उरलेल्या भागात पत्र्याच्या शेडी. शहराभोवती मोठमोठे सरकारी कारखाने उभे राहत होते, आणि त्यांना लागणारे बारीकसारीक सुटे भाग या शेडींत निघत. देश घडतो आहे असे वर्तमानपत्रात रोज वाचायचो. शेडीत गेले की कळायचे, तो कुणाच्या हातांवर घडतो आहे. यात मी कुणाचे नाव घेणार नाही. काही माणसे गेली, पण त्यांची मुलेबाळे आहेत.

दसरा होऊन चार-आठ दिवस झाले असतील. सरकारी इस्पितळातून मेमो आला : कारखान्यात अपघात, इसमाचा उजवा हात मनगटापर्यंत चेचलेला, कापावा लागला. मी दफेदाराला घेऊन निघालो. हेड कॉन्स्टेबलला आमच्याकडे दफेदार म्हणत. हा दफेदार नोकरीत माझ्याहून जुना आणि देवभक्त होता.

शेडीत पॉवर प्रेसची रांग होती. हे यंत्र ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर लोखंडाचा जड ठोकळा, खाली साचा. मध्ये पत्रा सरकवायचा, पायाने पट्टी दाबायची. ठोकळा खाली येतो आणि पत्र्याचा भाग कापून निघतो. हात आत राहिला तर ठोकळ्याला पत्रा आणि हात यांतला फरक कळत नाही. म्हणून साच्यासमोर जाळी बसवायची असते. जाळीखालच्या फटीतून पत्रा आत जातो, हात जात नाही.

ज्या यंत्रावर अपघात झाला ते धुऊन पुसून लख्ख केले होते आणि त्यावर जाळी होती, चारही बाजूंनी तारेने घट्ट बांधलेली. मालक स्वतः हजर होता. शिकलेला, मृदू बोलणारा माणूस. म्हणाला, "त्याने घाईत बोल्ट काढून कुठे तरी टाकून दिले. सापडेनात, म्हणून आम्ही जाळी तारेने बांधली. पुन्हा कुणाला काही होऊ नये." बोलताना त्याचे डोळे भरून आले. ते अश्रू खोटे होते असे मी आजही म्हणणार नाही.

मी कामगारांचे जबाब घ्यायला बसलो. सगळ्यांनी एकच सांगितले : 'त्याने दुपारी घाईने बोल्ट काढून जाळी बाजूला ठेवली.' शब्दही तेच, क्रमही तोच. खऱ्या साक्षीदारांचे कधी असे जुळत नाही. एकाला बोल्ट दिसतो, दुसऱ्याला नुसता आवाज येतो, तिसरा त्या वेळी विडी ओढत असतो. सगळ्यांचे तंतोतंत जुळले की समजावे, शिकवणारा एक आहे.

मालकाने चहा मागवला. कामगार पेले धरून उभे राहिले आणि माझे लक्ष त्यांच्या हातांकडे गेले. कुणाचे करंगळीचे पेर नाही, कुणाची तर्जनी अर्धी, एकाचा अंगठाच नाही. दफेदारानेही ते पाहिले आणि तो हळूच "देवा" म्हणाला. मी मेस्त्रीला विचारले. मेस्त्री म्हणजे शेडीतला मुकादम, यंत्रावर माणसे लावणारा. त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटे होती. तो हसून म्हणाला, "प्रेसचं काम आहे, स्वामी. बोट गेल्याशिवाय माणूस पक्का होत नाही. ज्याची दहा आहेत तो अजून शिकाऊ."

हे तो कुणाला भिववायला बोलला नाही. नवीन चपला चावतात असे सांगावे, इतक्या सहज बोलला.

तिथून मी इस्पितळात गेलो. जखमी माणूस तिशीच्या आतला, होसकोट्याजवळच्या एका खेड्यातला. घरची भाषा मराठी. आमच्या या बाजूला अशी जुनी मराठा घरे विखुरलेली आहेत. मी मराठीत बोललो तसा तो रडू लागला. घरात आई, बायको आणि एक धाकटा भाऊ, त्याला काम नाही. सगळे याच्या एका हातावर.

"अण्णा," तो म्हणाला, "हात गेला तो गेला. पण मीच घालवलो असं लिहू नका. जाळी मी काढलो नाही. होतीच कुठं काढायला?"

त्याला कायदा कुणी तरी समजावून सांगितला होता. कामगाराने स्वतः जाणूनबुजून जाळी काढली असे ठरले, तर भरपाईवर पाणी सोडावे लागणार होते. वर सगळ्या गावात नाव होणार, आपल्या मूर्खपणाने हात घालवून बसला म्हणून. या माणसाचे पुढचे सगळे आयुष्य एका प्रश्नावर अडकले होते : जाळी कुणी काढली? मी त्याला शब्द दिला नाही. पोलिसाने शब्द देऊ नये. पण मनात मात्र दिला.

त्याच्या एका बोलण्याविरुद्ध इतक्या जणांचे जबाब होते. तपास तिथेच अडून राहिला असता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस ठाण्यात आला आणि शिपायाला न जुमानता सरळ माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"बसा," मी म्हटले.

"बसायला आलो नाही. तुमच्यासारखी शिकलेली माणसं काय चौकशी करतात ते बघायला आलोय. जाळी कुणी काढली, जाळी कुणी काढली, हेच विचारत फिरताय. ती लावली कधी होती, ते विचारा की एकदा!"

बोली बेळगावकडची होती. रेल्वेच्या कारखान्यात उभी हयात काढून निवृत्त झालेला हा फोरमन त्याच शेडीत नोकरीला होता. स्वभाव असा, की त्याच्याबरोबर बस स्टॉपवर उभे राहणेही जड जावे. स्वतःच्या शिस्तीचा त्याला भारी अभिमान होता आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नसे.

शेडीत रुजू झाल्यावर त्याने भिंतीच्या खिळ्यांवर टांगलेल्या जाळ्या उतरवल्या आणि यंत्रांवर बसवायला लावल्या. सकाळी मुख्य खटका त्याच्याच हातात. आपली जाळी बसवायची, मग शेजाऱ्याची तपासायची आणि दोन्ही हात वर करायचे. रांगेतले सगळे हात वर दिसल्याशिवाय तो खटका दाबत नसे. सुरुवातीला पोरांनी चेष्टा केली, त्याला 'हात वर मेस्त्री' म्हणू लागली. मग सवय झाली. तो एखाद्या दिवशी उशिरा आला तरी हात वर होऊ लागले. तेवढे काही महिने शेडीत कुणाच्या नखाला धक्का लागला नाही.

"मग बंद का पडले?" मी विचारले.

"जाळी असली की माल आकड्याने ओढून काढावा लागतो. वेळ लागतोय. मजुरी नगावर. नग कमी, मजुरी कमी. मालकानं बंद केलं असतं तर भांडलो असतो हो. पोरांनीच गाऱ्हाणं केलं. म्हातारा जाच करतोय म्हणाली. हा आता इस्पितळात पडलाय ना, हा पुढं होता त्यांत. मालकाला तेच पाहिजे होतं. मला उचलून स्टोअरमध्ये बसवलं, झाली त्याला पाच-सहा वर्षं. हा अपघात झाला त्या दिवशी संध्याकाळी मेस्त्री धावत आला, तार द्या म्हणाला. दिली मी. कशाला पाहिजे ते नंतर कळलं."

मी फेरचौकशीला गेलो. शेजारच्या शेडीतले दोन पंच घेतले, तार कापून जाळी खाली काढली आणि पंचांसमोर उन्हात धरली. जाळीची पट्टी पुसून स्वच्छ केलेली होती. चार कोपऱ्यांना बोल्टसाठी चार भोके. मी उजेड पाहायला एका भोकाला डोळा लावला. उजेड आलाच नाही. चारही भोके बुजलेली होती.

खिळ्याने कोरल्यावर आतून घट्ट गोळी बाहेर पडली. तळाशी काळपट, मग तपकिरी, मग पिवळा थर, आणि सगळ्यात वर ताजे लाल. हळद आणि कुंकू, तेलाच्या वाफेत वर्षानुवर्षे घट्ट झालेले. दफेदाराने ती गोळी तळहातावर घेतली, वास घेतला आणि पटकन दुसऱ्या हाताने झाकली.

त्याला माझ्या आधी उलगडले. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, बंगळुरात प्रत्येक यंत्राची पूजा होते. हत्यारे उतरवतात, पुसतात, हार घालतात, कोहळा फोडतात. आणि कुठल्याही चौकोनी वस्तूची पूजा करताना चारही कोपऱ्यांना हळद-कुंकवाचे बोट लावायची पद्धत आहे. दाराला लावतो, पेटीला लावतो, तसेच. जाळीच्या चार कोपऱ्यांना भोके होती. दर वर्षी बोट तिथेच टेकत होते. फोरमनच्या काळात बोल्ट आत होते; त्याला स्टोअरमध्ये बसवल्यापासून भोके मोकळी होती, आणि इतक्या वर्षांत त्यांतून बोल्ट म्हणून गेला नव्हता. भिंतीवरच्या बाकीच्या जाळ्या मी उतरवायला लावल्या. सगळ्यांची तीच गत.

आम्ही मेस्त्रीला ठाण्यात आणले. त्याच्यावर मी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. टेबलावर कागद पसरला, त्यावर त्या गोळ्या ठेवल्या आणि गप्प बसलो. गप्प बसणे हे चौकशीतले सर्वांत जुने हत्यार आहे. तो गोळ्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खरं आहे, स्वामी. जाळ्या आम्ही लावत नाही. पण पूजा कधी चुकवली नाही."

"मग सगळ्यांना जबाब कुणी शिकवला?"

"मी. मालकांनी सांगितलं म्हणून." आणि पुढे स्वतःहून, "फॅक्टरी इन्स्पेक्टर यायचे असले की आधी निरोप येतो. तेवढ्यापुरत्या तारेने बांधतो. ते बघतात, जातात. त्यांनाही ठाऊक, आम्हालाही ठाऊक."

"तुझी दोन बोटं गेली. तुला एकदाही वाटलं नाही, जाळी लावावी?"

त्याने खरोखर विचार केला. "वाटलं होतं. पण तोवर गेलीच होती."

मला वाटले, प्रकरण सुटले. तसे ते सुटलेच होते. आरोपपत्र गेले : मालक आणि मेस्त्री, निष्काळजीपणाने जबर दुखापत. कुंकवाच्या गोळ्या लाखेने मोहोरबंद करून मुद्देमालात दाखल केल्या. ठाण्यात माझे कौतुक झाले. मी इस्पितळात जाऊन त्या माणसाला सांगितले, "तू जाळी काढली नाहीस हे आता सिद्ध होतंय." त्याने डाव्या हाताने माझे मनगट धरले. त्या पकडीची आठवण मला नकोशी वाटते.

खटला उभा राहीपर्यंत बराच काळ गेला. साक्षीदार एकेक करून फिरले. त्याची मला सवय होती. फोरमन तेवढा ठाम उभा राहिला, तर वकिलाने त्याला विचारले, तुम्हाला फोरमनच्या जागेवरून हटवले म्हणून राग आहे ना? तो म्हातारा तापट, "आहेच!" म्हणून ओरडला. त्याच्या साक्षीचे वजन तिथेच संपले. मग बचावाचा वकील कुंकवाकडे वळला. अतिशय गोड आवाजात म्हणाला, "ज्या कारखान्यात सुरक्षेच्या जाळीची देवासारखी पूजा होते, तिथे सुरक्षेबद्दल अनास्था आहे असे म्हणायचे?" कोर्टात बसलेल्या लोकांनी माना डोलावल्या. आमच्या दफेदाराचीही मान हललेली मी पाहिली.

त्यानंतर जखमी माणूस पिंजऱ्यात उभा राहिला. शपथ घ्यायला उजवा हात नव्हता. डावा चालेल की नाही यावर थोडी कुजबुज झाली. सरकारी वकिलाने विचारले, जाळी होती का? तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "होती. मीच काढलो."

दोघेही सुटले.

बाहेर वडाच्या पाराजवळ तो माझी वाटच बघत होता. मी रागाने पुढे निघून जाणार होतो, पण त्याने हाक मारली, "अण्णा."

"का केलंस हे? तुझ्यासाठी केलं होतं सगळं."

"धाकट्याला घेतले आहेत कामाला. मलाही दारावर बसवणार आहेत, वॉचमन म्हणून. कोर्टाचं कधी काय मिळेल कोण सांगणार? घरात आज पाहिजे."

"धाकटा कुठल्या कामावर आहे?"

त्याने उजवी बाही आणखी खाली ओढली.

"प्रेसवर?"

"माझ्याच जागेवर."

"आणि जाळी?"

"आहे की, अण्णा," तो म्हणाला. "भिंतीवर."

त्याच्यावर मला रागावता आले असते तर बरे झाले असते. मी कुणावर रागावू? मालकाने माल लवकर निघावा म्हणून, कामगाराने मजुरी मिळावी म्हणून, मेस्त्रीने मालकासाठी आणि इन्स्पेक्टरने भानगड नको म्हणून ती जाळी भिंतीवर ठेवली होती. चोराला पकडता येते. शेडीतल्या सगळ्या माणसांच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टीला बेड्या घालता येत नाहीत. कायदा रक्त सांडल्यावर येतो, आणि आम्ही पोलीस तर कायद्याच्याही मागून. त्या शेडीत रक्त सांडण्याआधी येणारा एकच माणूस होता, तो खटक्यावर हात ठेवून उभा राहणारा तापट फोरमन, आणि त्याला सगळ्यांनी मिळून, अगदी एकमताने, स्टोअरमध्ये बसवले होते. लोखंडाची जाळी कारखान्यात कुणीही आणून देईल. सकाळी स्वतःची जाळी बसवून शेजाऱ्याची तपासायची सवय कुठल्या दुकानात मिळत नाही. ती रोज लावावी लागते आणि लावणारा गेला की आठवड्याभरात मोडते.

ठाण्यात परतल्यावर मी व्हरांड्यात लटकवलेल्या आगीच्या तांबड्या बादल्या पाहिल्या. प्रत्येक बादलीवर दसऱ्याचे कुंकू आणि वाळलेला झेंडू. आत वाळूऐवजी विड्यांची थोटके. एकीचे तर बूड गंजून गेलेले. मी नियम घातला, पहारा बदलताना जाणाऱ्या शिपायाने येणाऱ्याला बादलीत हात घालून वाळू दाखवायची. शिपाई माझ्या पाठीमागे हसत, पण दाखवत. माझी बदली झाली. पुढे कधी तरी कामाने त्या ठाण्यात गेलो, तेव्हा पहिली नजर बादल्यांवर टाकली. थोटके होती, कुंकू होते.

निकालानंतर, बदलीच्या आधी, तिथे माझी आणखी एक खंडेनवमी झाली. ठाण्यात आम्हीही बंदुका, लाठ्या, बेड्या मांडून पूजा करत असू. दुपारी तो आला, वॉचमनच्या खाकी शर्टात. कारखान्याचा प्रसाद आणला होता. थाळी त्याने उजव्या कोपराच्या खोबणीत धरली होती. पुढे येऊन तो अडखळला. डाव्या हाताने प्रसाद द्यायचा नसतो आणि दुसरा हात नव्हता.

"अण्णा, तुम्हीच घ्या," तो म्हणाला.

मागे त्याचा धाकटा भाऊ उभा होता. नवे धोतर, कपाळाला मोठे कुंकू. तो चटकन पुढे झाला आणि थाळीतला प्रसाद उचलून त्याने माझ्यापुढे उजवा हात केला. तर्जनीला पांढरी पट्टी होती. पट्टी लवकर संपत होती.

"हे कधी झालं?" मी विचारले.

"मागच्या महिन्यात, सार. स्वल्पच गेलं, एक पेर." तो थोडा लाजला, पण हसला. "मेस्त्री म्हणाले, आता तू पक्का."

थोरल्याने मान फिरवून बंदुकांच्या पूजेकडे पाहायला सुरुवात केली. धाकट्याचा हात माझ्यापुढे तसाच होता, म्हणून मी प्रसाद घेतला.